पेटीतली चिठ्ठी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणात मंडळाच्या कार्याचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो आढावा चिटणीसबाईंच्या अहवालात आलेला आहे आणि मी घेतला असता त्यापेक्षा तो बरा उतरला आहे. तेव्हा माझ्या वाट्याची वीस मिनिटे मी एका लाकडी पेटीसाठी मागून घेते. ही पेटी आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलेली आहे. दाराशी, चपला काढतो त्या जागी, ती खिळ्याला टांगलेली असे. वर फट, खाली लहानसे कुलूप आणि दर्शनी बाजूस पांढऱ्या रंगात 'सूचना' अशी अक्षरे. ती अक्षरे माझ्याच हातची. त्या वेळी मी चिटणीस होते.

पेटी ठेवण्यामागचा हेतू चांगला होता. सभेत उभे राहून बोलायचे म्हटले की कित्येकींच्या घशाला कोरड पडते. चार शिकलेल्या बायकांपुढे आपले काही चुकले तर, अशी धास्ती वाटते. अशांनी आपले म्हणणे कागदावर लिहून पेटीत टाकावे. नाव घालण्याची सक्ती नाही. पहिले तीन-चार महिने काय सुरेख चिठ्ठ्या आल्या म्हणून सांगू! भजनाचा वर्ग तीनऐवजी चारला ठेवा, तीनला मुले शाळेतून यायची असतात. पाण्याच्या माठावर झाकण नाही. हळदीकुंकवाला विधवा भगिनींनाही बोलवा आणि वाण सर्वांना सारखेच द्या. ही शेवटची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे, कारण तिच्यामुळे आपल्या मंडळाचा रिवाज बदलला. ती कोणी लिहिली, हे मला आजतागायत ठाऊक नाही. नाव घालावे लागले असते तर ती लिहिली गेली नसती, एवढे मात्र नक्की.

पुढे सूर बदलला. वर्गाच्या वेळेबद्दल लिहिण्याऐवजी वर्ग घेणाऱ्या बाईंच्या गळ्याबद्दल लिहून येऊ लागले. माठाचे झाकण राहिले बाजूला आणि माठ भरणारीच्या स्वच्छतेची चौकशी सुरू झाली. शाळेत आपण व्याकरण शिकलो, त्या भाषेत सांगायचे तर वाक्याचा कर्ता बदलला. आधी वर्ग, माठ, वाण हे कर्ते होते. आता अमकी आणि तमकी हे कर्ते झाले. हा बदल एका दिवसात झाला नाही, म्हणून तो कोणाच्या ध्यानात आला नाही. माझ्या तर नाहीच, कारण चिठ्ठ्या वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे होते आणि ते काम मला फार आवडू लागले होते.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती ज्यांच्यावर गुदरली त्यांची परवानगी घेऊन सांगते आहे. नाव सांगणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी शेजारणीच्या कानात सांगू नये, ही विनंती.

शिवणवर्गासाठी आपण तीन मशिने घेतली. वार्षिक सभेत एका सभासद बाईंनी उठून विचारले, "तिसऱ्या मशीनची पावती कुठे आहे?" आवाज चढलेला नव्हता, कोणावर रोख नव्हता. वहीत रक्कम होती, पावती नव्हती, म्हणून विचारले. खजिनदारबाई जरा गोंधळल्या, "पाहून सांगते" म्हणाल्या आणि सभा पुढे गेली. पुढल्या महिन्याच्या बैठकीत मी पेटी उघडली. एका चिठ्ठीत लिहिले होते: ज्यांना घरातली एक सून सांभाळता आली नाही, त्यांनी मंडळाचा हिशेब सांभाळण्याची उठाठेव करू नये.

चिठ्ठी उलगडली की डोळे ओठांच्या पुढे धावतात. सबंध मजकूर मला आधीच कळला होता. ती बाजूला ठेवता आली असती. मी ती वाचली. नुसती वाचली नाही, 'सांभाळता आली नाही' इथे थांबले, समेवर येण्यापूर्वी गवई थांबतो तशी, आणि मग पुढचे वाचून स्वतःच हसले. सभागृह हसले. त्या बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळीत होत्या, सोडीत होत्या. चहाच्या वेळी त्या नव्हत्या. पुढल्या महिन्यातही नव्हत्या, आणि त्यापुढल्या महिन्यातही.

पावतीचे काय झाले, हे मात्र कोणीही विचारले नाही. मीही नाही.

आठ महिन्यांनी हिशेबतपासनीस आले आणि त्यांनी वहीवर बोट ठेवून तोच प्रश्न विचारला. मग शोध झाला. दुकानदाराला विसार म्हणून दिलेले दीड हजार रुपये अखेरच्या बिलातून वजाच झाले नव्हते. आपण ते दोनदा दिले होते. त्याने वही पाहून ते परत केले. कोणी काही खाल्ले नव्हते. पण त्या आठ महिन्यांत खजिनदारबाईंकडे लोक कसे पाहात होते, हे त्यांनी मला नंतर सांगितले तेव्हा मला भोवळ आल्यासारखे झाले. त्या चिठ्ठीने त्यांचा कैवार घेतला असेच आम्हा सर्वांना वाटले होते ना! प्रत्यक्षात तिने त्यांना स्वतःची बाजू मांडण्याची संधीच ठेवली नाही.

आपल्या भाषेत ह्या कामासाठी शब्दांची किती श्रीमंती आहे पाहा. टोमणा, खोचक बोलणे, कुजकट बोलणे, उणीदुणी, उखाळ्यापाखाळ्या, शालजोडीतला. प्रत्येकाची जात वेगळी. शालजोडीतला मारणाऱ्याला आपल्या सभ्यतेचा अभिमान असतो. उखाळ्यापाखाळ्यांना दोन पिढ्यांचे भांडवल लागते. आणि 'लेकी बोले सुने लागे' ही तर खास आपली, बायकांची कला. बोलायचे एकीला, लागायचे दुसरीला, आणि जिला लागले तिने तक्रार केली तर "अगो, तुला कोण म्हणाले?" असे म्हणून मोकळे व्हायचे. बिननावाची चिठ्ठी ही ह्याच कलेची धाकटी बहीण आहे. एकीत बोलणारी दिसते पण रोख दिसत नाही. दुसरीत रोख दिसतो पण बोलणारी दिसत नाही. पुरुषांमध्ये म्हणतात, मुद्दे संपले की माणूस गुद्द्यांवर येतो. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मुद्दे संपल्यावर नव्हे, मुद्दा अडचणीचा वाटला की तो संपण्याच्या आतच माणूस दुसऱ्याच्या घरात शिरतो.

ह्या प्रकरणानंतर मी पुष्कळ दिवस अस्वस्थ होते आणि आपल्याच वाचनालयातली जुनी चरित्रे काढून वाचीत बसले. मनात असे की, पूर्वीची माणसे मोठी, त्यांचे वाद तात्त्विक. आपणच क्षुद्र झालो. तो भ्रम लवकरच फिटला. १८८० ते १८९५ ह्या काळातील पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे म्हणजे केवढी थोर मंडळी, आणि केवढी चिखलफेक!

टिळक आणि आगरकर यांचेच पाहा. १८८१ साली 'केसरी' निघाला, आगरकर त्याचे संपादक. कोल्हापूरच्या दिवाणांवर आरोप करणारा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी छापला. ज्या पत्रांच्या आधारावर तो छापला ती बनावट निघाली आणि १८८२ साली दोघेही बदनामीच्या खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात गेले. एकशे एक दिवस तेथे काढले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले आहे. तुरुंगातही दोघांचे वाद चालत, पण ते वाद स्नेह्यांचे. कोणा माणसाविषयी खात्री न करता लिहिले म्हणजे काय होते, हे ह्या दोघांना जितके ठाऊक होते तितके अन्य कोणाला असेल? तरीसुद्धा १८८७ साली आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले, १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला, आणि पाहता पाहता संमतिवय आणि समाजसुधारणा यांवरचा वाद एकमेकांच्या हेतूंवर आणि स्वभावावर घसरला. हे दोघे तरी नाव घेऊन आणि स्वतःच्या पत्रात लिहीत होते. भोवतालच्यांना तेवढेही बंधन नव्हते. आगरकर जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली, असे त्यांच्या चरित्रात वाचावयास मिळते.

चरित्रकार हे सांगतात आणि आगरकरांच्या धैर्याची वाखाणणी करून पुढे जातात. मी बाईमाणूस, माझे मन तिथेच अडकले. नवरा दम्याने खोकतो आहे आणि गावात त्याची तिरडी बांधली जाते आहे. यशोदाबाईंनी त्या दिवशी चूल कशी पेटविली असेल? दुसऱ्या दिवशी पाण्याला गेल्या असतील तेव्हा शेजारणींच्या नजरेला नजर कशी दिली असेल? विधवांच्या केशवपनाबद्दल किंवा बालविवाहाबद्दल आगरकर जे लिहीत होते, त्यातले एक वाक्य तरी त्या तिरडीने खोडून निघाले का? १८९५ साली, चाळिशीही न गाठता आगरकर गेले, आणि 'केसरी'त त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. जुन्या मित्राविषयी लिहिताना त्यांना काय वाटले असेल ते वाटले असेल. पण आगरकरांना तो लेख काही वाचता आला नाही.

हे झाले पुरुषांचे. बाई बोलू लागली की तिच्या वाट्याला काय येई, ते ताराबाई शिंदे यांच्याकडे पाहून कळते. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, लोकलज्जेपायी जन्मलेल्या मुलाचा जीव घेतल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. त्या निमित्ताने 'पुणे वैभव' पत्राने सबंध स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतले. बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून त्याला उत्तर दिले. त्यांचीही जीभ काही मवाळ नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुरुषांना त्यांनी चांगलेच फटकारले आहे. पण त्यांनी पकडला तो मुद्दा: ज्या पापाबद्दल बाईला फासावर चढवता, त्या पापातला भागीदार पुरुष कुठे आहे? ह्या प्रश्नाला उत्तर आले नाही, टवाळी आली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र आपल्यापाशी नाही. टवाळीमुळेच त्या थांबल्या, असे छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण ज्या बाईने असे एक पुस्तक लिहिले तिच्यापाशी दुसरे नव्हते, हेही मला पटत नाही. पुढे ते पुस्तकही लोक विसरले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले तेव्हा कुठे ते आपल्या हाती आले.

डॉ. रखमाबाईंची हकीकत याहून मोठी आहे, आणि तीत माझ्या पेटीचे निराळे रूप मला दिसले. १८८५ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' एवढ्याच सहीने बालविवाह आणि स्त्रियांची स्थिती यांवर पत्रे आली. ती रखमाबाईंची होती. त्यांनी नाव झाकले ते दुसऱ्याला दगड मारण्यासाठी नव्हे. आपले म्हणणे लोकांनी आपल्याकडे न पाहता वाचावे म्हणून. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या ह्या मुलीने पतीकडे नांदायला जाण्याचे नाकारले होते. १८८५ सालचा निकाल तिच्या बाजूने लागला, पुढे तो फिरला, आणि १८८७ साली हुकूम झाला: नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करते म्हणून सांगितले. त्या दोन-तीन वर्षांत तिच्यावर काय नाही बोलले गेले! न कळत्या वयात झालेले लग्न तिच्यावर बंधनकारक आहे का, हा प्रश्न होता. चर्चा मात्र तिच्या शिक्षणाची, तिच्या आईची, आजोबांची, घरच्या इस्टेटीची. पतीने १८८७ साली पुस्तिका काढली तीतही हेच. रखमाबाईंनी त्याच वर्षी उत्तर छापले, ह्या वेळी स्वतःच्या नावाने. १८८८ साली तडजोड होऊन प्रकरण मिटले. त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, १८९४ साली परतल्या, आणि सुरत व राजकोट येथे मिळून पस्तीसेक वर्षे त्यांनी बायकांवर उपचार केले. १९५५ साली, नव्वदी उलटल्यावर त्या वारल्या. ज्यांनी त्यांची निंदा केली त्यांच्यापैकी किती जणांच्या लेकी-सुना त्यांच्यासारख्या डॉक्टरणींच्या हातून सुखरूप सुटल्या असतील, कोण जाणे.

आणखी एक नाव घेते. रमाबाई रानडे. त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० साली निघाले, आपल्यापैकी अनेकींनी वाचले असेल. नवऱ्याच्या आग्रहाने ही मुलगी शिकू लागली, सभांना जाऊ लागली, तेव्हा तिला सर्वांत जास्त कोणी बोलले? घरातल्या बायकांनी. त्या उलट बोलत नसत, मुकाट्याने सोशीत. आपल्याकडे ह्या सोसण्याचे फार गोडवे गायले जातात. मी गाणार नाही. त्यांच्या पाठीशी न्यायमूर्ती रानडे उभे होते. जिच्या पाठीशी कोणी नाही, ती सोशीत बसत नाही, ती घरी निघून जाते. तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होते आणि मंडळाला वाटते की शांतता झाली.

मी त्या बाईंकडे गेले. तपासनीस येऊन गेल्यानंतर गेले, हे कबूल करते. त्याआधी धीर झाला नाही. मनाशी मोठे वाक्य तयार केले होते. दार त्यांच्या सुनेने उघडले. तिची नाशिकला बदली झाली म्हणून बिऱ्हाड वेगळे झाले होते, दोन दिवसांच्या सुट्टीवर आली होती. पोहे तिनेच केले. एवढीच होती ती 'न सांभाळलेली' सून. माझे वाक्य घशातच राहिले. "माझे चुकले" इतकेच म्हणाले.

त्या म्हणाल्या, "चिठ्ठी लिहिणारीचा मला राग नाही हो. ती कोणीतरी एक. हसल्या त्या साठजणी." मग थोडे थांबून, "आणि पावती मिळाली का?"

पावती! आठ महिने घरी बसून, एवढे ऐकून घेऊन, त्यांच्या मनात प्रश्न शिल्लक होता तो पावतीचाच. साठजणींमध्ये तो एकटीने लक्षात ठेवला होता.

आता पेटीबद्दल. ती काढून टाकावी असे काहींचे म्हणणे पडले. मी विरोध केला. पेटी गेली तर वाणाच्या चिठ्ठीसारखी चिठ्ठीही जाईल. उद्या एखाद्या सुनेला, एखाद्या नव्या बिऱ्हाडकरणीला काही सांगायचे असेल तर तिने कुठे जावे? शेवटी असे ठरले की चिठ्ठ्या दोघींनी मिळून आधी वाचायच्या. कामाविषयीची असेल ती सभेत वाचायची, मग ती कितीही कडू असो. हिशेब चुकला, वर्ग नीट चालत नाही, चिटणीस वेळेवर येत नाही, असे लिहिले असेल तर ते सभेत आलेच पाहिजे. एखादीच्या घराविषयी, नवऱ्याविषयी, रूपाविषयी, जातीविषयी असेल ती तिथल्या तिथे फाडायची आणि त्यात काय होते हे दोघींनी घरी जाऊनही सांगायचे नाही. हे शेवटचे कलम सर्वांत कठीण आहे, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. एकदा तर मी ओठ चावून बसले होते.

सभेतही आता अध्यक्षबाईंना उद्देशून बोलायचे असा नियम केला आहे. लोकसभेतही सभासद अध्यक्षांना उद्देशूनच बोलतात. पहिल्यांदा सगळ्यांना हसू आले. "अध्यक्षबाई, ह्या बाईंचे म्हणणे मला पटत नाही" असे म्हणताना आपण नाटकात काम करतो आहोत असे वाटते. पण तोंड अध्यक्षबाईंकडे वळवावे लागते ना, तेवढ्यात रागाचा निम्मा जोर ओसरतो. परवा दोघींचे चांगलेच जुंपले. दोघीही रागाने लाल होऊन अध्यक्षबाईंकडे पाहात भांडत होत्या आणि अध्यक्षबाई बिचाऱ्या आळीपाळीने दोघींकडे मान डोलवीत होत्या. भांडण मिटले नाही. विषय मात्र शेवटपर्यंत सहलीच्या बसभाड्याचाच राहिला.

आता चहाची वेळ झाली आहे. त्या बाई आज आल्या आहेत की नाहीत, हे मी व्यासपीठावरून पाहिलेले नाही. पाहायचे नाही असे ठरवूनच उभी राहिले. ह्या वर्षीची वर्गणी त्यांनी सुनेच्या हाती पाठविली, ती जमा आहे. हिशेबाची वही दाराजवळच्या टेबलावर उघडी ठेवली आहे. तिसऱ्या मशीनची पावती आणि परत आलेल्या दीड हजारांची नोंद एकाच पानावर आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी अवश्य पाहावी.